सिलिकॉनचा सातबारा

फलटणच्या मामांनी पहिल्यांदा विचारलं ते १९८७ साली. नाना नुकताच पीएच.डी.ला चिकटला होता, मी बँकेत लागल्याचे पेढे वाटत होतो आणि नानाच्या आईने आम्हा दोघांना मामांसमोर एकाच पंगतीत बसवलं होतं.

"हा बँकेत, ते कळलं. पण आपला नाना काय करतो?"

नानाने आमटीचा भुरका अर्ध्यात थांबवून खरं तेच सांगितलं. "मामा, मी पृष्ठभागावर काम करतो."

मामांचा चेहरा उजळला. "मग बरंच झालं की. आमच्या खालच्या रानात बोअर कुठं घ्यायची, तेवढं येऊन सांग."

नाना हे त्याचं शाळेत पडलेलं नाव. नववीत प्रयोगवहीत रेघ मारण्याआधी जो मुलगा पट्टी पुसतो, त्याला दुसरं काय म्हणणार? तो माझा मित्र असला तरी एकमेव नव्हे. बऱ्याच विद्यापीठांत भौतिकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, जिन्यापासून होईल तितका लांब असा एक नाना असतो. तळमजल्यावर अशासाठी, की वरच्या मजल्यावर शिपायाने नुसतं टेबल सरकवलं तरी त्याचा प्रयोग हादरतो. अंगाला अ‍ॅसिटोनचा वास, खिशात पेनाच्या जागी अ‍ॅलन की. लग्नाच्या जेवणात ताट घेताना तो फक्त कडेला बोटं लावतो आणि चमचा रुमालाने एकाच दिशेने पुसतो. दोन्हीकडून पुसलं की घाण परत येते म्हणे.

त्याचा विषय मला चाळीस वर्षांत जेवढा कळला तेवढा सांगतो. कुठलीही वस्तू घ्या, तिचे जवळजवळ सगळे अणू आत असतात आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करतात ते वरच्या एकदोन थरांतले. गंज चढतो तो तिथे, खताच्या कारखान्यात अमोनिया तयार होतो तो लोखंडावरच्या त्याच थरात. नानाला हवा असतो फक्त तो थर. आणि तो थर कधीच मोकळा नसतो. उघड्या हवेत स्वच्छ धातू ठेवला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत त्यावर हवेचे रेणू येऊन बसतात. हवेचा दाब ७६० टॉर. तो दहाचा उणे सहावा घात टॉर इतका खाली आणला, तरी आलेला प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं तर एका सेकंदात अख्खा थर भरतो. म्हणून नाना जातो दहाच्या उणे दहाव्या घातापर्यंत. तिथे त्याला दहा हजार सेकंद मिळतात. म्हणजे पावणेतीन तास. मध्यंतर धरून एका तीन अंकी नाटकाचा वेळ.

या पावणेतीन तासांसाठी तीन आठवडे तयारी. हे गणित ऐकल्यावर मी बँकेत गेल्याचं समाधान मला जन्मभर पुरलं.

वोल्फगांग पाउलीच्या नावावर एक वाक्य सांगतात, की घनपदार्थाचं अंतरंग देवाने केलं आणि पृष्ठभाग सैतानाने. पाउली ते खरंच म्हणाला होता की नाही देव जाणे, पण नाना ते आमच्या बोलीत सांगायचा: "आतलं देवाचं, वरचं वेताळाचं."

त्या वेताळाला एकदा मी हातभार लावला. १९९० च्या दिवाळीत चिवड्याचा डबा घेऊन मी त्याच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. नाना पंपाशी झटत होता. टेबलावर एक चकचकीत धातूचं बूच पडलं होतं, ते मी सहज उचललं, फिरवून पाहिलं आणि जिथल्या तिथे ठेवलं. ते नमुना बसवायचं होल्डर होतं.

पुढच्या महिन्यात नानाच्या आलेखात दोन नवी शिखरं उगवली. एक १०७२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, दुसरं १९९ च्या. सोडियम आणि क्लोरीन. मार्गदर्शक खूश झाले. निकेल तापवल्यावर आतली अशुद्धी वर येते, ही शोधनिबंधाची सामग्री होती. त्यांनी मथळाही लिहून टाकला. नाना म्हणाला, "सर, पुन्हा घेऊन पाहतो." दुसरा नमुना घातला, शिखरं गायब. पहिला घातला, हजर. असं चार महिने चाललं. मार्चमध्ये एका रविवारी तो माझ्या खोलीवर आला. मी चिवडा खात होतो आणि मीठ लागलेली बोटं चाटत होतो. नाना माझ्या बोटांकडे बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "तू त्या दिवशी काही उचललं होतंस का रे?"

निबंध रद्द झाला. पीएच.डी. आधीच लांबलेली, ती आणखी लांबली आणि १९९४ साली संपली. आभाराच्या पानावर माझं नाव आहे. कशासाठी, ते त्याने लिहिलेलं नाही.

गंमत म्हणजे घाण कधी संपूर्ण जात नाही हे या मंडळींनी केव्हाच मान्य केलेलं आहे. बाहेरून आलेल्या कुठल्याही नमुन्यावर तेलकट कार्बनचा एक पातळ थर असतोच. त्याचं शिखर २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतं. मग त्या शिखराला २८४.८ धरायचं आणि बाकी सगळी मापं त्यावरून लावायची, अशी सर्रास पद्धत आहे. घाणीलाच प्रमाण मानणारं हे एकच शास्त्र असावं. (सरकारी खात्यांची गोष्ट वेगळी.)

दरम्यान कांदेपोहे सुरू झाले होते. एका स्थळी मुलीच्या वडिलांनी नेटाने चौकशी केली. "व्हॅक्यूम म्हणजे काहीच नसणं ना?"

"हो."

"म्हणजे तुम्ही दिवसभर..."

"काहीच नसणं तयार करतो," नाना म्हणाला. "फार खर्च येतो त्याला."

ते स्थळ गेलं. पुढच्या स्थळी हाच संवाद झाला तेव्हा मुलगी फिस्सकन हसली. त्या आमच्या वहिनी. शाळेत मराठी शिकवायच्या. त्यामुळे घरात एक पगार वेळेवर येत राहिला आणि भारतीय पृष्ठभाग-विज्ञान तगलं.

१९९५ साली नाना जर्मनीत यूलिशला गेला. तिथे मोठी संशोधन संस्था आहे आणि साखर कारखानाही आहे, हे कळल्यावर मामांना भाच्याविषयी प्रथमच आदर वाटला. साखर उसाची नसून बिटाची, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. यूलिशला नानाने पहिल्यांदा अणू पाहिले. टंगस्टनची सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ न्यायची, की मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात. मग सुई फिरवत नेली की उंचसखल भागाचा नकाशा मिळतो. बिनिग आणि रोहरर यांनी झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली हे यंत्र साधलं आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या वर्षी आम्ही एम.एस्सी. होत होतो. नानाचा घात त्या बातमीने केला.

जर्मनीहून परतताना नानाने एकच फोटो फ्रेम करून आणला. सिलिकॉनचा. त्याचं नाव 'सात बाय सात'. तो बघायला मामा मुद्दाम पुण्याला आले. चष्मा वर करून म्हणाले, "हा सातबारा कुठल्या गटाचा?"

"सातबारा नाही मामा, सात बाय सात. हा असा एक चौकोन... तिरका. लांबीला सात घरं, रुंदीला सात घरं. असे तुकडे शेजारी शेजारी."

"आणि हे ठिपके?"

"वरचे अणू. एका तुकड्यात बारा."

"म्हणजे सात आणि बारा. मग मी काय म्हणालो?"

नाना गप्प झाला. इतक्या वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि कोपऱ्यात हे काळं काय?"

"खड्डा आहे. तो चार तुकड्यांत मिळून एक."

"सामाईक विहीर," मामा म्हणाले. "तंटा असणार."

तंटा होताच. सिलिकॉन तापवला की त्याच्या पृष्ठभागावर सातपट अंतराची नक्षी येते हे १९५९ सालीच दिसलं होतं. आतल्या प्रत्येक अणूने चार बाजूंना चार हात धरलेले असतात. वरच्या थरातल्यांचा एक हात हवेत राहतो. ते त्यांना सोसत नाही. मग ते जागा बदलतात, कुणी वर चढतो, कुणी जोडी करतो, आणि ४९ मोकळे हात १९ वर आणतात. पण कोण कुठे बसला यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ज्याने त्याने आपापला नकाशा काढला. १९८३ साली झुरिकवाल्यांनी प्रत्यक्ष फोटो दिला, आणि १९८५ साली ताकायानागी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह मांडलेला नकाशा सगळ्यांनी मान्य केला.

"सव्वीस वर्षं," मामा म्हणाले. "आमच्या बांधाची केस एकतीस चालली."

पुढे नानाच्या बढतीच्या मुलाखतींत मोठमोठे तज्ज्ञ बसले, पण हा फोटो मामांइतका नीट कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

परतल्यावर नोकरी नव्हती. परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञांना काही काळ आधार देणारी सरकारची एक योजना होती. तीत जे लागत त्यांना 'पूल ऑफिसर' म्हणत. मामांचं पत्र आलं: पूल खात्यात लागलास ते उत्तम, ओढ्यावरच्या फरशीचं बघ. नानाने तीन पानी खुलासा पाठवला. उत्तरात मामांनी ओढ्याची रुंदी कळवली.

२००० साली एकदाचा तो विद्यापीठात अधिव्याख्याता झाला, आणि लगोलग नॅनोची लाट आली. २००१ साली दिल्लीने त्यासाठी वेगळी योजना काढली, २००७ साली तिचं 'नॅनो मिशन' झालं. शेजारच्या प्रयोगशाळेत चांदीचे नॅनोकण निघू लागले. पद्धत सोपी होती: झाडाचा पाला उकळायचा, गाळायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. तुळशीचा एक पेपर, कडुलिंबाचा दुसरा, कोरफडीचा तिसरा. विभागामागची बाग जसजशी विरळ होत गेली तसतशी त्या सरांची यादी वाढत गेली. मी निंदा करत नाही. नानाही करत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, की एकाच झाडाचा पाला दोन वेगळ्या महिन्यांत उकळून पाहिला का? तेव्हापासून त्याला त्या प्रयोगशाळेत चहा मिळेना.

त्याच्या स्वतःच्या प्रकल्पाचा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा त्याने मथळ्यात 'नॅनो' हा शब्द घातला, आत काना-मात्रा बदलला नाही, आणि पैसे मंजूर झाले. त्याचं मन त्याला खात होतं. "अणू नॅनोमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढा," तो मला म्हणाला. "मी फुगवून सांगितलं."

मंजुरीपासून यंत्र उभं राहीपर्यंत तीन वर्षं गेली. ती सोडून देतो. ज्याने सरकारी खरेदी केली आहे त्याला ती पाठ आहेत आणि ज्याने केली नाही त्याला खरी वाटणार नाहीत. यंत्र मात्र देखणं होतं. स्टीलचा गोल हंडा, चहूबाजूंनी फुटलेल्या नळ्या, काचेच्या खिडक्या. ते भाजावं लागतं. आतल्या भिंतींना चिकटलेलं पाणी निघावं म्हणून सगळ्याला हीटरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लपेटायची आणि दीडशे अंशांवर दोन दिवस ठेवायचं. पहिल्या भाजणीच्या रात्री फॉइल संपली. नाना साडेअकराला घरी येऊन स्वयंपाकघरातली गुंडाळी घेऊन गेला. सकाळी वहिनींनी मुलाच्या डब्यातली पोळी शाळेच्या परिपत्रकात बांधून दिली, आणि संध्याकाळी त्या यंत्र बघायला गेल्या. म्हणाल्या, "केवढी ही फ्रँकी!"

मग गळती. कुठेतरी केसाहून बारीक फट असते आणि दाब खाली उतरत नाही. शोधायची रीत अशी, की बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमची फुंकर मारायची आणि आत हेलियम पोचतो का ते पाहायचं. एकदा ऐन वेळी सिलिंडर रिकामा निघाला. नाना स्कूटर काढून सारसबागेशी गेला आणि फुगेवाल्याला म्हणाला, "हायड्रोजन आहे की हेलियम?"

"गॅस आहे, साहेब."

"हायड्रोजन नको. तो आत आधीच असतो. वस्तुमान चार पाहिजे, दोन नाही."

"चार घ्या, तीन घ्या, रेट तोच."

चार घेतले. स्कूटरच्या आरशाला चार फुगे बांधून प्राध्यापक विद्यापीठात शिरताना कुलसचिवांच्या गाडीसमोर आले. हायड्रोजनच निघाला. फुगे शिपायाच्या नातीला मिळाले.

गुरुवार हा नानाचा वैरी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, बॅटऱ्या दीड तासात माना टाकतात, आणि तीन आठवड्यांची पोकळी सुस्कारा टाकून हवेत मिसळते. अशा वेळी नाना डेव्हिसनची गोष्ट सांगायचा. १९२५ साली अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली. हवा नळीत घुसली, तापलेला निकेल काळवंडला. तो साफ करायला त्यांनी आणखी तापवला, तर त्यात मोठाले स्फटिक तयार झाले. त्या स्फटिकांमुळे इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे १९२७ साली सापडलं आणि डेव्हिसनला १९३७ चं नोबेल मिळालं. "अपघातातूनच होतं," नाना म्हणायचा. वीस वर्षांतल्या गुरुवारांचा हिशेब मी बँकवाला म्हणून केला आहे: हजारावर भरतात. एकाही गुरुवारी काही झालं नाही.

बढतीच्या मुलाखतीत तज्ज्ञांनी विचारलं, "पंचवीस वर्षांत एकतीस पेपर? तुमच्या शेजारच्या सरांचे दोनशेवर आहेत."

"मधल्या काळात पंप चालू होता," नाना म्हणाला.

बढती पुढच्या फेरीत मिळाली.

त्याच उन्हाळ्यात, २०१३ च्या दुष्काळात, मामांनी त्याला रानात नेलंच. नानाने बजावून सांगितलं, की माझा पृष्ठभाग तीन अणूंचा, त्याखालचं मला काही कळत नाही. मामा म्हणाले, "बरं. तू नुसता उभा राहा." ऊन रणरणत होतं. नाना चालत चालत बाभळीच्या तुकडाभर सावलीत जाऊन थांबला. मामांनी तिथेच पहार रोवली. १८० फुटांवर पाणी लागलं. चार गावांत बातमी पसरली. पुण्याच्या शास्त्रज्ञाने नुसत्या पायाने सांगितलं! नानाला शाल आणि नारळ मिळाला. विद्यापीठाने आजवर शाल दिली नव्हती. तो महिनाभर अस्वस्थ होता. "एकच वाचन आहे," म्हणायचा. "एका वाचनावर शाल?"

२०२३ साली नाना निवृत्त झाला. ना-देय प्रमाणपत्रासाठी डेड स्टॉकचं रजिस्टर जुळावं लागतं. त्यात एका जुन्या कारकुनाने नोंद केली होती: 'तांब्याच्या बांगड्या, २१४ नग.' त्या म्हणजे हंड्याचे जोड घट्ट बसवायच्या तांब्याच्या कड्या. एकदा आवळलं की पोलादी धार तांब्यात रुतते, मग कडी पुन्हा चालत नाही. पण तांबं ते तांबं, भंगारात जमा दाखवा, असं लेखापरीक्षकांचं म्हणणं पडलं. नानाने एकही कडी टाकली नव्हती. डालड्याच्या दोन डब्यांत सगळ्या होत्या. मोजल्या तर २१३.

रात्री नऊला आमच्या दाराची बेल वाजली. नाना चप्पलही न काढता दारातूनच म्हणाला, "तुझ्या किल्ल्या दे." १९९८ साली त्याने मला कौतुकाने दिलेली कडी मी पंचवीस वर्षं जुडग्याला वापरत होतो. त्याने किल्ल्या सोडवून टेबलावर ठेवल्या, कडी कडेने धरली, रुमालाने एकाच दिशेने पुसली आणि गेला.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या नातवांनी त्याला पुन्हा नेलं. वरच्या रानात दुसरी बोअर घ्यायची होती. नानाने नाही म्हटलं नाही याचं मला नवल वाटलं; एरवी असल्या कामाला तो दहा कारणं देतो. तो गेला आणि बाभळीखाली तसाच उभा राहिला. ३२० फूट खणलं. धूळ आली. पोरं हिरमुसली, ब्याऐंशीचे मामा काही न बोलता घरात गेले.

परतताना गाडीत नाना शीळ घालत होता. मी विचारलं, एवढा कसला आनंद?

"दोन वाचनं झाली," तो म्हणाला.

आता ती मंडळी तरडगावच्या एका पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवतो.